पांगुळगाडा

मिस्त्री शिडीवरून पडले, पण हातातला स्क्रूड्रायव्हर त्यांनी सोडला नाही. सोडला असता तर पंजा टेकवून सावरले असते, असं माईंचं म्हणणं. मिस्त्रींचं म्हणणं वेगळं होतं. शिडी शेजाऱ्याची होती, आणि दुसऱ्याच्या शिडीवर चढणाऱ्याचं असंच व्हायचं. काही असो, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टरात राहिलं, आणि प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो मिस्त्रींना आपला वाटेना. बारीक, पांढुरका, आणि थोडा परक्यासारखा वागणारा.

"हाड छान जुळलंय," डॉक्टर म्हणाले. "रोज चार वाजता व्यायामाला या. बाकीचं सवयीने येईल."

मिस्त्री सुतार होते, चाळीस वर्षं कामात मुरलेले. माई शिवणकाम करायच्या. घराच्या पुढच्या खोलीत माईंचं मशीन, मागच्या खोलीत मिस्त्रींचा कामाचा ओटा, पकडी आणि हत्यारं, मधे एक दार. ते दार दिवसभर सताड उघडं असायचं. त्यातून भुसा इकडे यायचा आणि दोऱ्याचे तुकडे तिकडे जायचे, आणि दोघंही एकमेकांच्या नावाने बोटं मोडायचे, पण दार लावायचं कोणाच्या मनात आलं नाही. मान वर न करता माईंना आवाजावरून कळायचं, आता करवत चालली आहे, आता सरस लावून फळ्या आवळताहेत, आता रंधा. रंध्याचा आवाज त्यांना सगळ्यात आवडायचा. चांगल्या धारेचा रंधा लाकडावरून जाताना नवं रेशमी कापड फाडल्यासारखा लांब, एकसंध आवाज येतो.

प्लास्टर निघाल्यापासून तो आवाज आला नव्हता.

रंधा ढकलायला मिस्त्रींना अडचण नव्हती. तिथे जोर खांद्याचा आणि कमरेचा. घोडं अडलं होतं ते धारेपाशी. रंध्याच्या पात्याला धार लावायची म्हणजे दगडावर तेलाचे दोन थेंब टाकून पातं ठरावीक कोनात धरायचं आणि तो कोन केसभरही न हलवता मागे-पुढे घासायचं. मिस्त्री हे हातानेच करत आले होते. त्यांचं मनगट म्हणजे जणू ओतीव लोखंड, एकदा कोन धरला की धरला. आता तेच मनगट घासता घासता मधेच किंचित मान टाकायचं. पातं डुलायचं, आणि धारेच्या जागी गोलसर, बोथट काठ तयार व्हायचा.

त्यात काम गळ्याशी आलेलं. गावातल्या वाचनालयासाठी सहा लांब मेजं करायची होती. दोन पडण्याआधी झाली होती. उरलेल्या चारांच्या फळ्या भिंतीशी उभ्या होत्या, तंतू उलटसुलट गेलेल्या, हट्टी. बोथट रंधा लावला की लाकडाचे तुकडे उपटून यायचे.

"काचकागदाने घासून काढा ना," माई एकदा म्हणाल्या.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की माईंनी ते वाक्य परत घेतलं. कागदाने घासलेलं लाकूड मुकं दिसतं, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि आपल्या मताच्या नाकावर ते माशी बसू देत नसत.

मिस्त्रींचा धाकटा भाऊ लेथवर काम करायचा, लोखंडाचे आणि पितळेचे भाग कातून द्यायचा. एका सकाळी तो खिशातून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढत आला.

"दादा, तुझ्यासाठी आणलंय."

मुठीत मावेल एवढं साधन. दोन बाजूंना दोन जबडे, ते आवळायला एक आडवा स्क्रू, आणि खाली एक छोटं चाक. पातं जबड्यांत पकडायचं, चाक दगडावर टेकवायचं आणि ढकलायचं. कोन आपोआप कायम. भावाने सगळं समजावून सांगितलं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, वस्तू उलटीपालटी करून पाहिली, चाक बोटाने फिरवलं.

"हा पांगुळगाडा आहे," ते म्हणाले.

"अरे दादा..."

"लेकराला चालता येत नाही म्हणून देतात ना, तो. त्रेसष्टाव्या वर्षी मला पांगुळगाडा आणलास तू?"

"वहिनी, तुम्ही तरी सांगा याला."

"मी कशाला मधे पडू?" माई मशीनवरून म्हणाल्या. "भाऊ तुमचा, मनगट त्यांचं."

मिस्त्रींनी पांगुळगाडा खिळ्यांच्या खणात टाकला आणि खण गुडघ्याने बंद केला. भाऊ चहा पिऊन गेला. त्या दिवशी मिस्त्रींनी तीन वेळा धार लावली आणि तिन्ही वेळा दगडावरचं तेल पुसून पातं बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते व्यायामाला गेले. माईंच्या मशीनवर एका झग्याची बाही अर्धी लागली होती. ती तशीच सोडून त्या उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी खिळ्यांचा खण उघडला.

त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं नेमकं का. एक तर त्यांना असली छोटी यंत्रं आवडायची. मशीनचा दाब-पाय, बॉबिनची डबी, कापड सरळ जावं म्हणून पट्टीवर बसवायची आड, हे सगळं त्या स्वतः खोलायच्या, पुसायच्या, नीट करायच्या. आणि दुसरं म्हणजे, हातात कला असलेल्या माणसाला सरळ शिलाई मारायला आड लागते याची माईंना कधी लाज वाटली नव्हती. मग धार लावणाऱ्याला का वाटावी?

कोपऱ्यात एक जुनं गंजकं पातं पडलं होतं. त्यांनी ते पांगुळगाड्याच्या पकडीत बसवलं, स्क्रू आवळला, दगडावर तेल सोडलं आणि ढकलायला सुरुवात केली. चाक कुरकुरलं. पन्नास वेळा घासून त्यांनी पातं उजेडात धरलं. एका टोकाला चकाकी होती, दुसऱ्या टोकाला नुसता गंज. धार तिरपी आली होती. काटकोन पाहायचा गुण्या लावला तर एका बाजूने उजेड दिसत होता.

"नाचता येईना, अंगण वाकडं," माई स्वतःशी म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण बघू तरी, अंगणही वाकडं असेल."

अंगण खरंच वाकडं होतं. त्यांनी चष्मा पुसून जबड्यांच्या आत पाहिलं. रंगाचे थेंब वाळून तिथे गुठळ्या झाल्या होत्या, ओतकामाचा खडबडीतपणाही तसाच होता. पातं एका बाजूला गुठळीवर टेकत होतं, दुसऱ्या बाजूला हवेत. स्क्रू कितीही आवळा, ते घासताना सरकणारच. मिस्त्रींच्या हत्यारांतली सगळ्यात बारीक कानस घेऊन त्यांनी दोन्ही जबडे आतून घासले. रोज पाच-दहा मिनिटं. चाकाच्या आसाला मशीनचं तेल दिलं, कुरकुर थांबली. चौथ्या दिवशी गुण्यामागून उजेड दिसेना.

दुसरी अडचण कोनाची. पातं जबड्यांच्या पुढे जितकं जास्त काढावं तितका कोन उतरता, जितकं कमी तितका खडा. दर वेळी पट्टीने मोजायचं म्हणजे एकदा अडतीस मिलिमीटर, एकदा साडेसदतीस. यावर माईंना जास्त विचार करावा लागला नाही. कापडाची दुमड सारखी यावी म्हणून त्या वर्षानुवर्षं पुठ्ठ्याचा एक तुकडा वापरायच्या. तसाच त्यांनी फळीचा एक तुकडा घेतला, त्यावर बरोबर अडतीस मिलिमीटरवर लाकडाची एक आडपट्टी चिकटवली. पकड फळीच्या कडेला लावायची, पातं आडपट्टीला टेकेपर्यंत सरकवायचं आणि आवळायचं. मोजायची कटकटच नाही.

सहाव्या दिवशी गंजक्या पात्याने त्यांच्या मनगटावरची लव अलगद उतरवली. पात्याच्या पाठीवर उठलेली धातूची बारीक कुसळंही त्यांनी ते उताणं, सपाट दगडावर घासून काढली होती. तीस वर्षं उघड्या दारातून पाहिलेलं असं कुठे वाया जातं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. माईंनी ठरवलं होतं की दिवस बघून, मिस्त्रींचा मूड बघून, हसत हसत सांगायचं. पण त्या सोमवारी सकाळी मिस्त्रींनी पुन्हा धार लावली, पातं रंध्यात बसवलं, फळीवर रंध्याचा एक हात मारला, आणि लाकूड चराचरा उपटलं. रंधा तिथेच आडवा ठेवून ते बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले आणि चार वाजेपर्यंत तिथेच होते. बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, तर माईंना बरं वाटलं असतं.

ते व्यायामाला गेले तसं माईंनी रंध्यातलं पातं काढलं, पांगुळगाड्यात बसवलं, नीट धार लावली, पुसलं, आणि होतं तसं परत बसवलं.

मिस्त्री आले. हात धुतले. मागे गेले. माईंनी सुई थांबवली.

आधी काहीच नाही. मग तो आवाज आला. लांब, एकसंध, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अगं!" मिस्त्री ओरडले. "अगं, इकडे ये! पटकन ये!"

त्या दारात गेल्या. मिस्त्रींच्या हातात एक सालपट होतं, फळीएवढं लांब, इतकं पातळ की त्याच्यातून त्यांची बोटं दिसत होती.

"हात आला!" ते म्हणाले. "माझा हात परत आला गं!"

तेव्हा सांगता आलं असतं. माईंनी तोंड उघडलंही होतं. पण तीन महिन्यांत त्यांनी हा चेहरा पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "बघू, बघू," आणि सालपट हातात घेऊन खिडकीशी गेल्या, म्हणजे आपला चेहरा दिसू नये.

एकदा न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड होतं, आणि तिसऱ्या दिवशी चौपट. मिस्त्री रोज सकाळी मोठ्या उत्साहाने हाताने धार लावायचे, ती धड नसायची, चार वाजता ते गेले की माई ती पुन्हा लावायच्या. ताकास तूर लागू दिली नाही. गंमत म्हणजे मिस्त्रींनी स्वतःच त्यावर एक सिद्धांत काढला.

"धार सकाळपासून उत्तमच असते," ते जेवताना समजावून सांगायचे. "सकाळी माझा हात आखडलेला असतो, म्हणून रंधा नीट चालत नाही. व्यायाम करून आलो की हात मोकळा होतो, आणि मग बघ!"

"असेल," माई म्हणायच्या आणि आणखी भाजी वाढायच्या.

एका मेजाची फळी तयार झाली. पण आता नवंच काही सुरू झालं. फळी खिडकीशी तिरपी धरली की तिच्यावर बारीक, लांब, समांतर रेघा दिसायच्या. हात फिरवला तर नखाला लागतील न लागतील अशा. मिस्त्री चक्रावले.

"धार अशी की केस तुटावा, आणि फळीवर या रेघा! हे माझ्या जन्मात झालं नाही."

त्यांनी लाकडाला दोष दिला, लाकूड देणाऱ्याला दिला, चष्म्याच्या नंबरला दिला. माईंना कारण कळत नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं; आपल्याच हातून काहीतरी होतंय, एवढं त्यांना आतून ठाऊक होतं.

आणि त्यातच निदेशिकाबाई आल्या. गावाबाहेरच्या तंत्रशाळेत त्या सुतारकाम शिकवायच्या. वीस वर्षांपूर्वी याच मागच्या खोलीत मिस्त्रींच्या हाताखाली दोन वर्षं शिकल्या होत्या. मिस्त्री पडल्याचं कळून भेटायला आल्या, ती सालपटं पाहिली आणि खूश झाल्या.

"काका, एक मागायचंय. माझ्या वर्गाला एकदा हाताने धार लावून दाखवा. पोरं कोनाचा नुसता हट्ट धरतात, मनगट कसं धरायचं ते कोणी पाहिलेलंच नाही. येत्या गुरुवारी याल?"

मिस्त्रींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "त्यात काय! येतो की."

माईंना पुढचं दिसायला लागलं. चाळीस पोरापोरींपुढे मिस्त्री दगडावर पातं घासणार, मग फळीवर रंधा मारणार, आणि लाकूड चराचरा उपटणार. आणि तिथे चार वाजता कोणी येऊन काही नीट करणार नाही.

दुपारी त्या दिराच्या लेथपाशी गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. दीर आधी पोट धरून हसला, मग गुरुवारचं ऐकून त्याचं हसू मावळलं.

"सांगा त्याला, वहिनी."

"तुम्ही सांगता का?"

"मी? पांगुळगाडा आणला म्हणून तो दोन आठवडे माझ्याशी धड बोलला नाही. तुम्हीच सांगा. आणि माझं नाव मधे नको."

शनिवारी सकाळी मिस्त्री दगडावर तेल टाकत होते. माई दारात उभ्या राहिल्या. फिरवून सांगायचं त्यांनी पुष्कळ ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते सरळच.

"अहो, तुमचा हात नाही आला अजून. धार मी लावते."

मिस्त्रींनी तेलाची बाटली खाली ठेवली. "काय?"

"तुम्ही व्यायामाला गेलात की. भावोजींच्या त्या पकडीने."

त्यांनी दगडावरचं तेल फडक्याने पुसलं.

"किती दिवस?"

"सोमवारपासून. मागच्या."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी तुम्ही घरी असता."

"तरीच," ते हळूच म्हणाले. "रविवारी रंधा चालला नाही. मी म्हटलं, व्यायाम नाही ना आज."

मग त्यांनी टोपी घातली आणि ते बाहेर गेले. जेवायच्या वेळी परत आले. जेवले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त सगळ्याला "हं" म्हणाले. शनिवार गेला, रविवार गेला. मागच्या खोलीतून कसलाच आवाज आला नाही. माईंनी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या लावल्या आणि निमूट उसवल्या. बायकोने खोटं बोलावं याचा राग, की हात आला नाही याचं दुःख, यांतलं नेमकं काय त्या "हं"मध्ये आहे, हे त्यांना कळेना. विचारायचं धाडसही होईना.

सोमवारी सकाळी मिस्त्रींनी मधलं दार लावून घेतलं. माईंनी मशीनचं चाक हाताने थांबवून धरलं. पलीकडून खण उघडल्याचा आवाज आला. खिळे खळखळले. मग दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. दार उघडलं.

"हा स्क्रू किती आवळायचा?" मिस्त्रींनी विचारलं.

"बोटांनी घट्ट. मग स्क्रूड्रायव्हरने पाव फेरा."

"आणि ही फळी कसली?"

माई उठल्या. त्यांनी आडपट्टी कशी वापरायची ते दाखवलं, जबडे कुठे कानसले ते दाखवलं. मिस्त्रींनी जबड्यांत बोट घालून पाहिलं. कानशीचं काम त्यांना पसंत पडलं असावं, कारण ते काही बोलले नाहीत. त्यांनी पातं बसवलं, घासलं, काढलं, आणि धारेला गुण्या लावून उजेडात धरलं. आणि त्यांच्या भुवया एकदम वर गेल्या.

"अगं, ही तर सुतासारखी सरळ आहे!"

"मग? सरळच हवी ना?"

"नको!" मिस्त्री जवळजवळ ओरडले. "अगदी सरळ असली की पात्याचे दोन्ही कोपरे लाकडात रुततात. रंध्याच्या प्रत्येक हाताच्या दोन रेघा! मी हाताने लावायचो तेव्हा कोपरे आपोआप केसभर मागे जायचे. जाणूनबुजून नाही, सवयीने." त्यांनी पातं खाली ठेवलं. "आणि मी आठवडाभर लाकूड देणाऱ्याला शिव्या देतोय!"

त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. माईंना वाटलं आता हे खोकायला लागणार. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्याही हसल्या, नको इतक्या.

"मला सांगायचं होतं हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"सांगायला हवं होतं," मिस्त्री म्हणाले. हसू अजून तोंडावर होतं, पण हे त्यांनी हसण्यावारी नेलं नव्हतं. "पुन्हा असं करू नकोस. बोथट रंधा परवडला."

"नाही करणार."

"बरं. आता हे कोपरे कसे मागे न्यायचे ते बोल. या गाड्याला डुलता येत नाही."

दोघांनी ओट्यावर कोपरं टेकवून त्या चाकाकडे पाहिलं. चाक सपाट होतं, म्हणून पकड दगडावर ताठ बसायची, उजवीकडे-डावीकडे झुकायचीच नाही. माई म्हणाल्या, एका कोपऱ्यावर बोट दाबलं तर? मिस्त्रींनी दाबून पाहिलं. जोर दगडावर जायचा, पकड हलायची नाही. मग मिस्त्री म्हणाले, चाकाला पोट असलं तर? पिंपासारखं, मधे जाड, कडांना उतरतं. मग बोट दाबू त्या बाजूला गाडा किंचित कलेल.

"किती पोट?"

"अगदी थोडं. दिसेल न दिसेल एवढं."

दोघंही दिराच्या लेथवर गेले. दिराने दादाच्या हातात पांगुळगाडा पाहिला आणि शहाणपणाने एक शब्द काढला नाही. त्याने पितळेचा तुकडा लावून चाक कातलं, आस बसवला. उत्साहाच्या भरात पोट जरा जास्त झालं. घरी आणून दगडावर ठेवलं तर गाडा अंड्यासारखा डुलायला लागला, आणि पात्याची धार चंद्रकोर झाली.

"याने फळीत पन्हळ खणता येईल," मिस्त्री म्हणाले.

मंगळवारी दुसरं चाक झालं. या वेळी माई लेथपाशी उभ्या राहिल्या आणि हवा तेवढाच बाक कापलेली जाड कागदाची एक पट्टी चाकावर धरून दर थोड्या वेळाने मापत होत्या. दीर म्हणाला, "वहिनी, मी बावीस वर्षं हेच करतोय." माई म्हणाल्या, "हो, पहिलं चाक बघितलं मी." ते चाक नेमकं झालं. मिस्त्रींनी स्वतः धार लावली, मधे वीसदा, मग उजव्या कोपऱ्यावर बोट दाबून सहादा, डाव्यावर सहादा. बिघडलेलं मनगट गाड्यावर नुसतं टेकलेलं होतं, कोनाची काळजी त्याला नव्हती. मग त्यांनी रेघांची ती फळी घेतली आणि तिच्यावरून टोकापासून टोकापर्यंत रंधा फिरवला. खिडकीशी तिरपी धरली.

माईंनी हात फिरवला. नखाने शोधलं. काही लागलं नाही.

गुरुवारी तंत्रशाळेत दोघं गेले. वर्गात निदेशिकाबाईंनी मिस्त्रींची ओळख करून दिली, हाताच्या धारेचे शेवटचे जाणकार वगैरे. मिस्त्रींनी ते पूर्ण होऊ दिलं आणि मग सांगितलं, "मी शिडीवरून पडलो. आता मला हाताने धार लावता येत नाही. मनगट कसं धरायचं ते दाखवतो, कारण ते कबूल केलंय. धार मात्र या गाड्याने लागेल, आणि गाडा हिने सुधारलाय, तर त्याचं हिला विचारा."

बाई गोंधळल्या. माई त्याहून गोंधळल्या. आपल्याला बोलावं लागेल हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण एकदा जबडे कसे कानसायचे ते सांगायला लागल्यावर त्या थांबेनात. आडपट्टीची फळी हातोहात फिरली. एकाने विचारलं, "पण काकू, खऱ्या सुताराला हे असलं लागतं का?"

माई बोलायच्या आत मिस्त्रींनी पिशवीतून लाकडाचे दोन तुकडे काढले. "एक पडण्याआधीचा, हाताने धार लावून रंधलेला. एक परवाचा. ओळखा."

तुकडे वर्गभर फिरले. कोणी उजेडात धरले, कोणी डोळे मिटून हात फिरवला. मतं निम्मी निम्मी पडली. शेवटी तुकडे निदेशिकाबाईंकडे आले. त्यांनी दोन्हींवर अंगठा फिरवला, दोन्ही गालाला लावून पाहिले, आणि एक ठामपणे वर धरला.

"हा. हा काकांचा हात. असा हात मी विसरेन का?"

तो परवाचा होता. त्यांनी स्वतःच कपाळावर हात मारला आणि सगळा वर्ग हसला. मिस्त्री परतताना वाटेत दोनदा थांबून हसले.

मेजं महिन्याभरात पूर्ण झाली आणि वाचनालयात गेली. तंत्रशाळेने तसली पकड प्रत्येक दगडामागे एक घेतली, आणि त्यांच्या चाकांना पोट काढायचं काम दिराला मिळालं. मिस्त्रींचं मनगट पुढे बरंच सुधारलं, पण पूर्वीसारखं झालं नाही, आणि त्याबद्दल ते फारसं बोलेनासे झाले. रोज सकाळी स्वतःच गाड्याने धार लावायचे. मधलं दार पुन्हा सताड उघडं राहू लागलं.

एके दिवशी त्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "तुझ्या मोठ्या कात्रीला धार कोण लावतं?"

"चौकातला धारवाला. का?"

"एवढ्या लांब कशाला जायचं? तिच्यासाठीही एक गाडा करता येईल."

माईंना नाही म्हणवेना. मिस्त्रींनी तीन दिवस खपून कात्री धरायची एक पकड बनवली, फार सुबक, कडा गोल केलेली. तिच्यात धरून धार लावलेली कात्री माईंनी नव्या कापडात घातली, तर ती कापड कापेना, चावायला लागली. आणखी दोनदा प्रयत्न झाला. शेवटी एका सकाळी माईंनी कात्री रुमालात गुंडाळली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" आतून प्रश्न आला.

या वेळी माईंनी खरं तेच सांगितलं. "चौकात, धारवाल्याकडे."

आत रंधा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाले, "थांब, मीही येतो. तो कसा धरतो ते बघू तरी."